नादिष्ट, दर्दी, टाळकरी

सोलापुरात गाण्यावर जीव टाकणाऱ्या माणसाला काय म्हणतात, हे एका भाषेत सांगून भागत नाही. पूर्व भागातल्या विणकर वस्तीत तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या कितीतरी घरांत कन्नड आहे. शहरात दखनी उर्दू आहे, आणि बाजारात, कचेरीत, शाळेत मराठी. एकच माणूस दिवसभरात या चारींमधून ये-जा करतो, आणि गाण्याबद्दल बोलतानाही ती चारही दारं उघडी ठेवतो. आता त्यांत इंग्रजीची भर पडली आहे. ‘मी किशोरकुमारचा डायहार्ड फॅन’ हे वाक्य रिक्षात, यंत्रमागाच्या शेडमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर सारख्याच सहजतेनं ऐकू येतं. हे सगळे शब्द एकदा शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. गाणं आवडणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेनं बघतो ते त्यांतून दिसतं, आणि गाण्यावर प्रेम करूनही ज्यांना आपण त्या यादीत धरत नाही, तेही दिसतात.

आधी ‘अभिमानी’ हा शब्द घेऊ. मराठीत अभिमानी म्हटलं की ताठ मानेचा माणूस डोळ्यांसमोर येतो. कन्नड आणि तेलुगूत अभिमानी म्हणजे चाहता. नटाच्या वाढदिवसाच्या फलकाखाली याच नात्यानं नावं लागतात. कन्नड पडद्यावरचे राजकुमार आपल्या चाहत्यांना ‘अभिमानी देवरुगळु’ म्हणत, म्हणजे चाहते हेच देव. राजकुमार उत्तम गायकही होते, ‘जीवन चैत्र’ या चित्रपटातल्या गाण्यासाठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे हा शब्द नटाच्या चाहत्यांइतकाच गाण्याच्या चाहत्यांसाठीही होता. आपल्याकडे तमाशाच्या बोर्डावरून ‘रसिक मायबाप’ अशी हाक येते. कानडी कलावंत ऐकणाऱ्याला देव करतो, मराठी कलावंत आईबाप करतो.

इंग्रजी ‘फॅन’चा प्रवास नेमका उलट्या दिशेनं झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या प्रेक्षकांसाठी ‘फॅनॅटिक’चं हे छोटं रूप रुळलं. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला देवळासाठीचा शब्द आहे. देवळात वारं संचारून भान हरपलेला, तो फॅनॅटिक. तुळजापूर सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. संबळ घुमायला लागला की अंगात येतं, हे या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. फॅन म्हणजे मुळात अंगात आलेला माणूस, हा अर्थ इथल्या माणसाला लंडनच्या माणसापेक्षा लवकर पटेल.

या सगळ्या भाषा आणखी एका बाबतीत एकमेकींना भेटतात. मराठीत गाण्याचं वेड, कन्नडमध्ये ‘हुच्चु’, तेलुगूत ‘पिच्चि’, उर्दूत दीवाना. संगीताच्या अतोनात ओढीला युरोपात मेलोमॅनिया म्हणतात, तोही उन्मादच. चार-पाच भाषांनी एकमेकींना न विचारता एकच निदान केलं आहे: गाण्यात बुडालेल्याचं डोकं ठिकाणावर नाही. हे निदान कौतुकाचंही आहे आणि काळजीचंही. घरातला एक माणूस रोज रात्री उशिरा येतो, शेताकडे बघत नाही, दुकानात लक्ष नाही, आणि विचारलं तर सांगतो, गाणं होतं. आईला किंवा बायकोला दुसरा कोणता शब्द सुचणार?

मराठीनं मात्र या वेडासाठी आणखी एक शब्द घडवला, आणि तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. तो म्हणजे नाद. नाद म्हणजे ध्वनी, घंटेचा, शंखाचा, तंबोऱ्याचा; आणि नाद म्हणजे सुटता न सुटणारी सवय. नाद लागला, नादी लागला, नादानं वाया गेला, नादिष्ट आहे. पत्त्यांचा नाद असतो, शर्यतीच्या बैलांचा असतो, बाईचा असतो, दारूचाही असतो. या सगळ्या ओढींचं नाव आपण ध्वनीवरून ठेवलं. म्हणजे माणसाला खेचून नेणारी पहिली गोष्ट मराठी मनानं आवाज ही मानली असली पाहिजे. एकाच शब्दात संगीताचं मर्म आणि संगीताविषयीची भीती अशी सामावलेली मला दुसऱ्या भाषेत भेटलेली नाही.

या भीतीची सोलापुरी गोष्ट म्हणजे राम जोशी. उत्तर पेशवाईतले हे शाहीर सोलापूरचे. घर वैदिक ब्राह्मणाचं, थोरले बंधू मुद्गल जोशी पुराणिक. शेजारी धोंडी शाहिराचा फड, तिथल्या डफाचा आवाज घरात येणारच. मुलाला तमाशाचा नाद लागला आणि घरात वादळ उठलं. पुढे पंढरपुरात संस्कृतचं अध्ययन, मग कीर्तन, आणि पुन्हा लावणी, अशा वळणांनी त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या लावण्यांतली संस्कृतप्रचुर शब्दकळा आणि ढोलकीवर बसणारी लय, दोन्ही या ओढाताणीतून आली. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट आला. त्यात जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर होते, गीतं ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत वसंत देसाईंचं. त्या चित्रपटानं महाराष्ट्राला शाहिराची ओळख नव्यानं करून दिली. पण सोलापुरातल्या ज्या मुलाला आधी ‘नादी लागला’ म्हणून बोल लावला गेला, त्यालाच नंतर शाहीर म्हणून मान मिळाला, हे लक्षात ठेवायला हवं. नादिष्ट आणि कलावंत यांच्यात फरक असतो तो लोकांनी मान्य करण्याचा.

हीच ओढ पुढच्या शतकात रेल्वेनं गेली. गदगहून विजापूरमार्गे येणारी गाडी सोलापूरजवळ होटगीला मोठ्या लोहमार्गाला मिळते. १९३३ साली गदगमधून एक अकरा वर्षांचा मुलगा घर सोडून निघाला. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी त्यानं ऐकली होती, आणि तसं गाता आलं पाहिजे एवढंच त्याच्या डोक्यात होतं. गुरूच्या शोधात तो विजापूर, पुणे, ग्वाल्हेर असा भटकत राहिला. ते भीमसेन जोशी. लोक आज त्यांच्या पळून जाण्याची हकीकत कौतुकानं सांगतात. त्या वर्षी गदगच्या घरात कोणता शब्द उच्चारला गेला असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

वेड आणि नाद हे घरच्यांचे शब्द. ‘शौकीन’ आणि ‘कद्रदान’ हे खिशातल्या पैशासह येणारे शब्द. सोलापूर जिल्ह्यात मोडनिंब हे संगीत बारीचं मोठं ठिकाण. बैठकीच्या लावणीत ऐकणारा समोर बसतो, फर्माईश करतो, दौलतजादा करतो, म्हणजे आवडलेल्या ओळीवर, अदेवर पैसे ठेवतो. तिथला श्रोता शौकीन. हा शब्द वाईट नाही. अनेक शौकिनांना शेकडो लावण्या तोंडपाठ असत, जुन्या चाली माहीत असत, आणि गाणारी एखादं कडवं गाळून पुढे गेली तर ते हटकत. लावणीचा मोठा ठेवा अशा कानांमुळे टिकला. पण शौकीन शब्दात गाणं आणि गाणारी बाई यांच्यातली सीमा पुसट होते, आणि त्याची किंमत त्या बाईनं मोजलेली असते. ऐकणाऱ्याच्या हौसेला आपण गोड शब्द दिले, गाणारीच्या कष्टांना दिले नाहीत. १९९० च्या दशकात अकलूजला लावणीची स्पर्धा आणि महोत्सव सुरू झाला, लोक घरच्या बायकांना घेऊन लावणी बघायला बसले, तेव्हा समोरचा शौकीन पहिल्यांदा प्रेक्षक झाला. बैठकीतली जवळीक त्यात गेली, हे खरं. तरीही तो बदल झाला हे बरंच झालं.

मैफलीच्या सभागृहात शिरलं की शब्द बदलतात. हुतात्मा स्मृती मंदिरात शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम असेल तर निवेदक ‘रसिक श्रोतेहो’ म्हणणार. तिथे रसिक असतो, जाणकार असतो, दर्दी असतो, कानसेन असतो. हे कानाचे शब्द. त्यांच्यातही पायऱ्या आहेत. रसिक सगळ्यांना म्हणता येतं, ते शिष्टाचारात बसतं. जाणकाराला राग ओळखता येतो. दर्दी या शब्दात दुखणं आहे. ज्याला स्वर लागतो, म्हणजे जखम लागावी तसा लागतो, तो दर्दी. त्याला रागाचं नाव माहीत नसलं तरी चालतं. माझ्या मते दर्दी ही जाणकाराच्या वरची पायरी आहे, आणि इंग्रजीतला कॉनसर हा जाणकारापाशीच थांबतो, कारण त्याच्या मुळाशी जाणणं आहे, दुखणं नाही. आणि ‘दाद’? फारसीत दाद म्हणजे न्याय. आपण कोर्टात दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. चांगल्या जागेला नुसती मान हलवली तरी गायकाच्या वर्षांच्या मेहनतीला न्याय दिल्यासारखं होतं.

तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं, हे आपल्याकडे घरोघरी बोललं जातं. त्यामागे एक मोठी चळवळ आहे. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजवाड्यात आणि कोठीवर अडकलेलं गाणं त्यांनी तिकीट काढून कोणालाही ऐकता येईल असं केलं, आणि घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतल्या मुलामुलींना शिकता येईल असं केलं. त्यांच्या परंपरेतून १९३१ मध्ये उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आजही गावोगाव होतात. सोलापुरातल्या एखाद्या पेठेत ‘आमची मुलगी मध्यमा झाली’ असं आई सांगते तेव्हा ती मुलगी गायिका होईलच असं नाही, बहुधा होणार नाही. तिचे कान तयार होतील. अशा कानांची संख्या वाढली म्हणून सवाई गंधर्व महोत्सवासारखे मोठे मेळे उभे राहिले आणि सोलापूरसारख्या शहरात प्रिसिजन संगीत महोत्सवाला सभागृह भरतं.

हुतात्मा स्मृती मंदिरातच हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची नाटकं होतात. हौशी हा शब्द इंग्रजी अमॅच्युअरचा सरकारी जोडीदार. अमॅच्युअरच्या मुळाशी प्रेम करणारा असा अर्थ आहे, पण इंग्रजीत तो घसरत घसरत कच्च्या कामाचा, नवशिक्याचा झाला. हौशीचं तसं झालं नाही. हौसेला मोल नाही, असं म्हणताना आपण हौसेला मोठंच ठरवतो. यात्रेला येणाऱ्यांचे हौशे, नवशे आणि गवशे असे प्रकार मराठीनं फार पूर्वी पाडून ठेवले आहेत, आणि ते मैफलीलाही लागू पडतात. मकरसंक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते पेलतात, हलगीचा ताल मिरवणुकीला पुढे नेतो. त्या गर्दीत नवस फेडायला आलेला, काही सापडतं का बघणारा आणि निव्वळ हौसेनं आलेला, तिघेही हलगीवर पाय धरतात. त्या क्षणी त्यांच्यात फरक करता येत नाही.

इंग्रजीतून आलेला सगळ्यांत सुंदर शब्दप्रयोग ‘वन्स मोअर’. संगीत नाटकानं तो आपलासा केला. बालगंधर्वांच्या काळात पदांना वन्स मोअर मिळून मिळून नाटकं पहाटेपर्यंत चालत. गंमत अशी, की खुद्द इंग्रज अशा वेळी ‘आँकोर’ असा फ्रेंच शब्द ओरडतात, आणि फ्रेंच लोक तो न वापरता ‘बीस’ म्हणतात. मुशायऱ्यात आपल्याकडे ‘मुकर्रर’ म्हणतात. पुन्हा ऐकायची भूक इतकी जुनी असूनही प्रत्येकानं ती दुसऱ्याच्या भाषेतून मागितली. वन्स मोअर म्हणणारा श्रोता नुसतं कौतुक करत नाही. तो कार्यक्रमाचा वेळ बदलतो, गायकाला पुन्हा उभं करतो, नाटकाची गोष्ट थांबवतो. ऐकणाऱ्याच्या हातात एवढी सत्ता देणारा दुसरा शब्द मराठीत आलेला नाही.

ऑडिओफाइल, म्युझिक बफ वगैरे शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपलीकडे फारसे गेले नाहीत. पण त्यांच्यामागचा माणूस आपल्याकडे होता. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला आणि ऐकणाऱ्यांमध्ये एक नवी जात जन्माला आली, ती साठवणाऱ्यांची. १९९० च्या सुमाराला मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. तिच्या शाखा कुठे निघाल्या ते पाहावं: पुणे, बडोदा, गोवा आहेतच, पण नांदेड, अमरावती, तुळजापूर आणि सोलापूरही आहे. जुन्या बाजारातून, मोडकळीला आलेल्या वाड्यांतून, भंगारवाल्याकडून ७८ गतीच्या तबकड्या शोधून त्यांवरची माहिती टिपून ठेवणारी माणसं या छोट्या शहरांत होती. त्यांना आपण फार तर छांदिष्ट म्हणतो. मराठी संगीताचा इतिहास लिहिताना विद्यापीठांतले अभ्यासक त्यांच्याच कपाटांपाशी येतात. छांदिष्ट हा शब्द त्यांच्या कामापुढे फार लहान आहे.

ज्याला गाणं आवडत नाही त्यालाही शब्द लागतोच. अरसिक हा सौम्य. ठणकावून सांगायचं असेल तर मराठी माणूस ‘औरंगजेब’ म्हणतो. हा औरंगजेब सोलापूर जिल्ह्याला जवळून माहीत आहे. १६९५ पासून १६९९ पर्यंत त्याची छावणी भीमेकाठी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला होती, आणि माचणूरचा किल्ला त्याच काळातला. संगीताची प्रेतयात्रा निघाल्याचं कळल्यावर ते इतकं खोल पुरा की पुन्हा आवाज येऊ नये, असं तो म्हणाल्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ही कथा इटालियन प्रवासी मनुची यानं नोंदवली. कॅथरीन बटलर ब्राउन या अभ्यासिकेनं २००७ साली, औरंगजेबानं खरंच संगीत बंद केलं होतं का, हा प्रश्न मुळातून तपासला. तिचा निष्कर्ष असा, की बादशहानं स्वतः गाणं ऐकणं सोडलं, पण राज्यभर संगीत बंद पडल्याचा पुरावा नाही. उलट त्याच्या कारकिर्दीत फारसीत संगीतावर कितीतरी ग्रंथ लिहिले गेले, त्यांत फकीरुल्लाचा ‘रागदर्पण’ आहे. तरुणपणी औरंगजेबाला गाण्यातलं कळत होतं. म्हणजे तो अरसिक नव्हता. त्याला नाद माहीत होता, म्हणून त्यानं तो दूर ठेवला. हे समजल्यावर त्याच्याविषयीची चीड कमी व्हावी असं कोणी म्हणणार नाही. पण गाणं न समजणारा आणि गाणं टाळणारा या दोन वेगळ्या माणसांना आपण एकाच नावात कोंबलं आहे, एवढं मान्य करावं लागतं.

आतापर्यंतचे सगळे शब्द ऐकणाऱ्याचे झाले. या जिल्ह्यात गाण्यावर प्रेम करणाऱ्यांचा सगळ्यांत मोठा समुदाय यांपैकी कोणत्याच शब्दात मावत नाही. तो आषाढात धर्मपुरीहून आणि अकलूजहून पंढरपूरकडे चालत येतो. वारीत श्रोता कोणीच नसतो. टाळकरी असतो, विणेकरी असतो, मृदंगी असतो, पुढच्यानं अभंगाचं चरण घेतलं की मागून झील धरणारा असतो. ज्याचा आवाज बसला तो टाळ वाजवतो, ज्याच्याकडे टाळ नाही तो टाळ्या वाजवतो. ज्याच्या हातात जे आहे त्यावरून त्याचं नाव पडतं. ‘तुम्हाला अभंग आवडतात का’ असा प्रश्न दिंडीत कोणी विचारत नाही. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांची परंपरेनं नावं सांगितली जातात, त्यांत संताजी जगनाडे आणि गंगाजी मावळे येतात. तुकोबांचा पहिला श्रोता कोण, हे कोणी सांगत नाही.

हाताच्या या शब्दांपाशी आलं की रसिक या शब्दाचं एक जुनं रूपही आठवतं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या दरबारात, शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींना आधाराचा. त्यात त्यानं गायकांचे पाच प्रकार केले: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावुक. शार्ङ्गदेवाचा रसिक गातो. गाता गाता स्वतः रसात बुडतो. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीत लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात रसिक खुर्चीत बसलेला नव्हता. त्याला खाली उतरवून समोर बसवलं ते पुढच्या शतकांनी. वारीतला टाळकरी शार्ङ्गदेवाच्या यादीत सहज बसला असता. आजच्या निमंत्रितांच्या रांगेत त्याला जागा मिळणं अवघड आहे.

सुंदरी हे वाद्य सोलापूरबाहेर फार थोड्यांनी ऐकलं असेल. सनईच्याच जातीचं, पण आखूड आणि चढ्या सुराचं. अक्कलकोट संस्थानच्या आश्रयानं ते वाढलं. जाधव घराण्यानं ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, सिद्राम जाधव, चिदानंद जाधव आणि आता भीमण्णा जाधव. एका वाद्याचं असणं-नसणं जवळपास एका कुटुंबाच्या श्वासावर अवलंबून राहतं, तेव्हा त्या प्रेमाला फॅन, चाहता, रसिक यांतलं काय म्हणणार? सुंदरीवाले, एवढंच लोक म्हणतात, आणि ते बरोबर म्हणतात.

बायकांच्या गाण्याला तर एवढंही नाव मिळालं नाही. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाईला कोणी रसिक म्हटल्याचं आठवत नाही. नवरात्राच्या दिवसांत पूर्व भागात तेलुगू बायका बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीभोवती फेर धरून गातात, मराठी घरांत हादगा रंगतो. दोन्हींत गाणी तोंडपाठ, टाळीचा ताल पक्का, आणि नव्या सुनेला ती आठवड्याभरात शिकवून तयार करायची पद्धत. दुपारी त्यांतल्याच कितीतरी बायका विड्या वळतात. वळताना हात गुंतलेले, कान मोकळे. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायची तेव्हा पोस्टकार्डावर नावं कळवणाऱ्यांत पुरुषांची नावं जास्त असत, आणि गाणी मात्र सुपाशी बसलेल्या बायकांना पाठ असत.

रेडिओनं श्रोत्याला पहिल्यांदा नाव आणि गाव दिलं. १९५० च्या दशकात बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीनं चित्रपटगीतांना दूर ठेवलं, आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. १९५२ मध्ये सुरू झालेल्या बिनाका गीतमालेसाठी गावोगाव श्रोता संघ निघाले. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. साध्या ऐकणाऱ्यांनी सरकारला धोरण बदलायला लावलं, असा हा प्रसंग. त्या श्रोत्यांसाठी कवी संजीवांसारखे सोलापूरचे कवी चित्रपटगीतं लिहीत होते, आणि बार्शीत गिरणी कामगारांमध्ये घडलेले अमर शेख डफावर हजारोंच्या सभा उठवत होते. शेखांच्या समोरच्या माणसाला श्रोता म्हणायचं की कार्यकर्ता, हे तेव्हाही ठरवता आलं नसतं.

आज फॉलोअर आणि सबस्क्रायबर असे शब्द आहेत. करमाळ्याजवळच्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. अजय-अतुल यांनी त्यातल्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला केलं, आणि करमाळ्याच्या केळीच्या बागांवर पाश्चात्त्य व्हायोलिनं वाजली. त्या गाण्यांवर गावोगावच्या चित्रपटगृहांत लोक उठून नाचले. ती माणसं खुर्चीतून उठली हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नंतर त्याच गाण्यांचे आकडे मोजले जाऊ लागले, किती वेळा पाहिलं, किती जणांनी पसंत केलं. फॉलोअर म्हणजे मागे चालणारा, पण त्याला चालावं लागत नाही.

गणेशोत्सवात सोलापूरची ओळख लेझीम. मंडळांची पोरं महिनाभर संध्याकाळी मैदानात सराव करतात, हलगीवाला तालाचे बदल शिकवतो, पुढच्या ओळीतला चुकला की पूर्ण डाव पुन्हा होतो. डीजेच्या भिंती आल्या तेव्हा या पोरांपुढे सोपा रस्ता उघडला. सराव नको, ताल नको, फक्त अंग हलवायचं. कानांना होणारी इजा, घरातली म्हातारी माणसं, रुग्णालयं याविषयी बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं. पण माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. डीजेनं लेझीमवाल्याचा नाचणारा केला, आणि नाचणाऱ्याचा फोन धरून उभा राहिलेला बघ्या केला. ज्या मंडळांनी आपलं पथक टिकवलं, त्यांच्या पोरांची मनगटं आणि पाय आजही एका मात्रेवर पडतात.

या जिल्ह्यात अखंड हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका गावोगाव छापल्या जातात. त्यांत रोजचे कीर्तनकार असतात, गायनाचार्य, मृदंगाचार्य, हार्मोनियमची साथ, विणेकरी, चोपदार अशी नावं ओळीनं असतात, अन्नदाते असतात, आणि टाळकरी म्हणून परिसरातल्या भजनी मंडळांची गावंच्या गावं असतात. शहरातल्या मैफलीच्या निमंत्रणावर कलाकार, साथीदार, प्रायोजक आणि प्रमुख पाहुणे असतात, बाकीच्यांसाठी ‘रसिकांनी उपस्थित राहावे’ ही ओळ. पुढच्या वर्षी सोलापुरात एखाद्या महोत्सवाची पत्रिका छापताना आयोजकांनी शहरातली भजनी मंडळं, लेझीम पथकं, बतुकम्माचे फेर धरणाऱ्या गल्ल्या आणि हलगीची घराणी यांची नावं तिच्यावर घ्यावीत, आणि त्यांना समोरच्या रांगा द्याव्यात.